वाळवीची ओळख: सैनिकाचं डोकं मोजून की डीएनए वाचून?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वाळवी घेणाऱ्या साताऱ्या-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून डोकी मोजत बसायचं, की नमुने बाहेर पाठवून डीएनए वाचून घ्यायचा? आपल्याला एखादी नवी प्रजाती सापडेल, ही आशा मनात असतेच. माझं मत आधीच सांगतो. सुरुवात डोक्यापासून करा. पण काही ठिकाणी डीएनएशिवाय पान हलत नाही, ती ठिकाणं ओळखता आली पाहिजेत.

डोक्याची बाजू

उसाचं पाचट उचललं की खाली धावतात त्या बहुतेक कामकरी. मऊ, पांढुरक्या, सगळ्या एकीसारख्या दुसऱ्या. त्यांच्यावरून नाव सांगणं जवळजवळ अशक्य. खरी ओळख सैनिकात, म्हणजे वसाहतीचं रक्षण करणाऱ्या वाळवीत. कॉप्टोटर्मिस या वंशाचा (वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) सैनिक चिमट्यात धरला की कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा थेंब येतो. ट्रायनर्व्हिटर्मिस या दुसऱ्या वंशाच्या सैनिकाला नाकासारखी टोकदार सोंड असते, आणि एकाच वसाहतीत लहान-मोठे असे दोन आकाराचे सैनिक दिसतात. इथपर्यंतचं काम साध्या भिंगानेही होतं.

बांधावरच्या वारुळातली आपली नेहमीची ओडोन्टोटर्मिस या वंशाची वाळवी घेतली की कस लागतो. पेट्री डिशमध्ये बारीक वाळू पसरा, वर अल्कोहोल ओता आणि सैनिकाचं डोकं त्या वाळूत नीट सपाट टेकवा. डोकं जरा जरी तिरपं राहिलं तर माप चुकतं. पिवळसर तपकिरी, अंडाकृती डोकं. पुढे विळ्यासारखे वाकलेले जबडे. डाव्या जबड्याच्या आतल्या कडेला एक ठळक दात. तो दात टोकाच्या किती जवळ, डोकं सगळ्यात रुंद कुठे, जबडा डोक्याच्या मानाने किती लांब, मिशीचे मणी (मण्यांसारखे खंड) किती, यावर प्रजाती ठरते. त्यासाठी रूनवाल आणि छोटानी यांचा 'फॉना ऑफ इंडिया'मधला 1989 चा खंड आणि छोटानींचा 1997 चा खंड लागतोच. सूक्ष्मदर्शक कॉलेजात असतो. खर्च होतो तो वेळ आणि डोळे.

अडचण अशी की ओडोन्टोटर्मिसच्या कित्येक प्रजातींची मापं एकमेकांत शिरतात. एकाच वारुळातल्या सैनिकांतही फरक असतो. म्हणून एका सैनिकावरून निकाल देऊ नका. एका वारुळातले अनेक आणि शक्यतो वेगवेगळ्या वारुळांतले घ्या. मापं जुन्या वर्णनापेक्षा थोडी वेगळी आली म्हणून 'नवी प्रजाती' म्हणायची घाई झाली, की तज्ज्ञ पहिल्याच वाचनात शोधनिबंध परत पाठवतात.

डीएनएची बाजू

प्राण्यांच्या बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यासाठी, सीओआय जनुकाचा 658 बेसजोड्यांचा तुकडा वापरायची कल्पना 2003 मध्ये पॉल हेबर्ट यांनी पुढे आणली. वाळवीत त्याच्या जोडीला 16एस आणि सीओ-टू या दुसऱ्या जनुकांचे तुकडेही बरेच वापरतात. याचा सगळ्यात मोठा फायदा मला एकाच ठिकाणी दिसतो: एकाच प्रजातीतल्या कामकरी, सैनिक आणि पंखवाल्या यांची जोडणी. वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या पडतात. त्या कुठल्या प्रजातीच्या, हे डोकं बघून कोण सांगणार? त्यांचा आणि सैनिकांचा क्रम, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांची मांडणी, जुळला की गाठ सुटते. नुसत्या कामकरीच सापडल्या, किंवा ज्या गटांत सैनिक दुर्मीळ आहेत किंवा नसतातच ते गट हाती आले, तरी हाच रस्ता.

पण क्रम म्हणजे नाव नव्हे. जेनबँकेत, म्हणजे जगभरातल्या डीएनए क्रमांच्या खुल्या संग्रहात, आपला क्रम शोधायला टाकला की यंत्र सगळ्यात जवळचा क्रम दाखवतं, आणि तो तिथे जमा करणाऱ्याने मुळातच वाळवी चुकीची ओळखली असेल तर ती चूक तुमच्या प्रबंधात येते. आपल्याकडच्या अनेक प्रजातींचे विश्वासार्ह क्रम तिथे नाहीतच. मग 'कशाशीच जुळत नाही' याचा अर्थ 'नवी प्रजाती' असा काढणं धाडसाचं आहे. कदाचित ती शंभर वर्षांपूर्वी वर्णन झालेली, पण कुणी क्रम न काढलेली असेल.

नमुन्याची निगाही वेगळी. मापांसाठी 70-80 टक्के अल्कोहोल चालतं, उलट फार तीव्र अल्कोहोलमध्ये अंग कडक होऊन मिशा, पाय मोडतात. डीएनएसाठी मात्र 95 टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल आणि थंडावा हवा. फॉर्मॅलिनचा तर विचारही नको. म्हणून शेतातच दोन बाटल्या भरा, एकाच वारुळाच्या, एकाच क्रमांकाच्या. लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. डीएनए काढताना पोट टाळा, कारण आतड्यात जिवाणू आणि खाल्लेलं अन्न भरलेलं असतं. पाय पुरतात, आणि डोकं मापांसाठी शाबूत राहतं.

मग कुठलं घ्यायचं?

उसाच्या बेण्याला कोण खातंय एवढंच शेतकऱ्याला सांगायचं असेल तर सैनिक बघून वंश सांगा, काम झालं. त्यावर डीएनएचे पैसे घालणं मला उधळपट्टी वाटते. सागरेश्वर किंवा कोयनेसारख्या भागाची प्रजातींची यादी करायची असेल तर सगळ्यांची मापं घ्या, आणि जिथे मापं एकमेकांत शिरतात तेवढ्याच वसाहतींचे क्रम काढा.

नवी प्रजाती म्हणायची असेल तर दोन्ही हवं. 2025 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून वर्णन झालेली क्रिप्टोटर्मिस मोबीडिकी ही वाळवी बघा. तिच्या सैनिकाचं लांबट डोकं बाजूने स्पर्म व्हेलसारखं दिसतं, जबडे डोक्याखाली झाकलेले. इतकं वेगळं डोकं असूनही रुडॉल्फ शेफ्रान आणि सहकाऱ्यांनी जनुकांची तुलना करून ती कुणाच्या जवळची हे तपासलंच. आपल्याकडच्या ओडोन्टोटर्मिसमध्ये एवढं ठळक डोकं मिळण्याची आशा धरू नका. तिथे तर दोन्ही पुरावे आणखीच गरजेचे.

कागदपत्रं मात्र आधी. कोयना, चांदोली, सागरेश्वर इथून नमुने घ्यायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. आणि जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या प्रजातीचे नमुने मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावे लागतात; प्राण्यांसाठी त्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण येतं, त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. प्रकल्पाचा विषय पक्का करण्याआधीच तिथे विचारून ठेवा.