तांबट आळीतला तांब्या, सहा महिने वापरून झाल्यावर

दिवाळीआधी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून मठारकामाचा (हातोडीने ठोकून घडवलेला) एक तांब्या घेतला, वजनावर भाव लावतात तिथे, ६०० ग्रॅम भरला. (स्टीलच्यालाही आपण तांब्याच म्हणतो म्हणून सांगतो, हा खरा तांब्याचा.) ठोकल्यामुळे पत्रा कडक होतो, दोनदा पडला तरी पोचा नाही आला. फिनिशिंग मस्त.

आता पाण्याचं. दुकानदार म्हणाला थायरॉईड, बीपी, सांधे सगळं जातं. असलं काही होत नाही हो, माझे गुडघे होते तसेच आहेत. पण आजी रात्री तांब्यात पाणी भरून ठेवायची ते अगदीच खुळ नव्हतं. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये पाण्यात मुद्दाम कॉलऱ्याचे, जुलाबाचे जंतू सोडून ते १६ तास तांब्यात ठेवलं तर नंतर एकही वाढला नाही, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या आतच होतं. विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरात याचा खरा उपयोग. आमच्याकडे फिल्टर आहे, त्यामुळे मला फायदा झाला असेल तर तो चवीचा, तोही बहुतेक मनाचा खेळ.

आजीचं दुसरं वाक्य मात्र लोक विसरलेत. आंबट ठेवू नकोस, कळकेल. ताक, लिंबू, चिंच यातल्या आम्लाने तांबं भसाभस सुटतं, म्हणून तर स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कल्हई करायचे, आणि आमची वहिनी त्याच तांब्याच्या बाटलीत रोज सकाळी लिंबू पिळून पिते, डिटॉक्स म्हणे! मळमळतं अशी तक्रार पण तीच करते.

घासायचा वैताग आहे हे आधीच सांगतो. पावसाळी हवेत चार दिवसांत काळा पडतो. चिंच-मीठ नाहीतर पितांबरी, मग खळखळून धुवायचा. चकचकीत राहणाऱ्या लॅकरवाल्या बाटल्या मिळतात पण आतूनही कोटिंग असेल तर पाणी तांब्याला लागतच नाही, मग स्टीलची काय वाईट.

पाचपैकी चार. एक कापला कारण वरचं फुलपात्र ढिलं बसतं, घेताना तिथेच बसवून बघा.