पिस्टनवर हाताने ठोकलेला पन्नास

इंजिनाचं झिजलेलं सिलिंडर आतून कोरून मोठं केलं की त्यात मूळ मापापेक्षा किंचित मोठा, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. किती मिलिमीटर मोठा, ते माप त्याच्या डोक्यावर उमटवलेलं असतं. ०.२५, ०.५०, कधी नुसतं २५ किंवा ५०. कारखान्यातला आकडा सरळ ओळीत आणि एकसारख्या खोलीचा असतो. माझ्या पिस्टनवरही ५० होतं. फक्त त्यातला पाच उजवीकडे कललेला होता, आणि शून्य त्याच्यापेक्षा जरा वर, एका बाजूने खोल, दुसऱ्या बाजूने जेमतेम उमटलेलं. कोणीतरी पंच आणि हातोडी घेऊन ठोकलेला आकडा होता तो. हे माझ्या लक्षात आलं तोवर चार महिने गेले होते, आणि त्या चार महिन्यांत मी स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बसलो होतो.

कित्येक वर्षं एका शेडखाली पडून असलेली, गंजलेली मोटरसायकल मी घेतली. चार स्ट्रोक, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं साधं इंजिन. विकणाऱ्याने सांगितलं, "फक्त कार्ब (कार्बुरेटर) साफ करा, पहिल्या किकला सुरू होईल." हे वाक्य पडीक गाडी विकणारा प्रत्येक माणूस म्हणतो, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. टाकीत गंजावरच लायनर, म्हणजे आतून लावायचा लेप, ओतलेलं निघालं. त्याचे पापुद्रे सुटून कार्बच्या बारीक भोकांत, जेटमध्ये अडकायचे. 'नवे' म्हणून मिळालेल्या टायरवरचा चार आकडी कोड वाचला तर पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, आणि ते वर्ष बरंच मागचं. या गोष्टी डोळ्यांना दिसतात. दिसतात म्हणून त्या स्वस्तात सुटतात.

बाकी सगळं मी घरी केलं. सांगाडा उघडा केला, गंज काढला, वायरिंग नव्याने ओढलं, मागचं मडगार्ड छोटं केलं, सपाट सीट शिवून घेतली, हँडल खाली आणलं. (सीट सपाट करायची म्हणून मागचा सांगाडा कापायला निघाला असाल तर थांबा. तो आडवा नळ शोभेचा नसतो, शॉकअपचा भार तिथून जातो.) घरी होऊ शकत नाही असं एकच मोठं काम उरलं: सिलिंडरचं बोअरिंग, म्हणजे ते आतून कोरून मोठं करणं. त्याला मशीन लागतं, आणि ते मशीन ज्याच्याकडे असतं त्याच्या हवाली ब्लॉक (सिलिंडरचा तुकडा) आणि जुना पिस्टन करून आपण घरी येतो. मी तसाच आलो.

लेथवाल्याने आठवड्याने ब्लॉक परत दिला. आतून चकाकत होता, तिरप्या रेघांची सुंदर जाळी उमटलेली. हॉनिंगची, म्हणजे घासदगडाने मारलेली ती जाळी भिंतीवर तेल धरून ठेवते, म्हणून ती पाहून मी खूश झालो. पिस्टन पांढराशुभ्र, कागदात गुंडाळलेला. "पन्नासवर गेला साहेब, ओरखडे खोल होते." मी डोक्यावरचा ५० पाहिला आणि मान डोलावली. आता कळतं की तो आकडा इंजिनासाठी नव्हताच, माझ्या मानेसाठी होता. जुना पिस्टन मागितला तर म्हणाला, "तो भंगारात गेला." बिलावर दोनच शब्द होते: इंजिन काम.

गाडी सुरू झाली आणि मागून निळा धूर. पहिल्या काही मिनिटांत धूर येतोच, बसवताना लावलेलं तेल जळतं. तो थांबला नाही म्हणून मी फोन केला. "रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) बसायला वेळ लागतो, हजार किलोमीटर चालवा." यात अर्धं सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याइतकं सोयीचं काही नसतं. नव्या रिंगा भिंतीशी जुळायला खरंच थोडं अंतर जावं लागतं. मी हजार चालवले. धूर तसाच, शिवाय तेलाची पातळी दर काही दिवसांनी खाली.

पुन्हा फोन केला तेव्हा त्याने जे विचारलं ते ऐकून मी गप्प झालो. "रिंगा तुम्हीच घरी बसवल्या ना? उलट्या गेल्या असतील."

घरी काम करणाऱ्या माणसाला याहून अचूक वार नाही. आपण शिकत शिकत करतो, हे त्याला माहीत असतं आणि आपल्यालाही. रिंगेवरचं खुणेचं अक्षर वर ठेवलं होतं का? रिंगांची तोंडं, म्हणजे त्यांच्यातली कापलेली जागा, एकमेकांपासून १२० अंशांवर फिरवली होती का? मला आठवत होतं की केलं होतं. पण त्याच्या आवाजातल्या खात्रीपुढे माझी आठवण लंगडी पडली. मग मी वाल्व्हचे सील बदलले. हेड उघडून वाल्व्ह ज्यात सरकतात ते गाइड तपासले. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी साफ केली. कार्बमागे लागलो, जे मूर्खपणाचं होतं, कारण पेट्रोल जास्त जात असेल तर धूर काळा येतो, निळा नाही. हे मला ठाऊक होतं. तरी लागलो. स्वतःवर संशय असला की माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

शेवटी सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज उसना आणला. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत किक मारली: ७ बारच्या आसपास. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मारली. काटा १० च्या वर गेला. तेलामुळे काटा वाढला तर गळती रिंग आणि सिलिंडरच्या मधून आहे. नसता वाढला तर वाल्व्हकडे पाहावं लागलं असतं. दोन मापांत उत्तर मिळालं, आणि हे मी पहिल्याच दिवशी करू शकलो असतो.

ब्लॉक उचलला. रिंगा सरळच होत्या. अक्षर वर, तोंडं फिरवलेली. तिथेच खाली बसून राहिलो थोडा वेळ.

मग मापं घेतली. इंजिनाचं मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७ मिलिमीटर. ०.५० वर गेलेला ब्लॉक ५७.५० भरायला हवा. बोअर गेज ५७.०९ दाखवत होता. पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांखालचा भाग, गजन पिनच्या (पिस्टन ज्या पिनने जोडलेला असतो तिच्या) काटकोनात, खालच्या बाजूला मोजायचा असतो. तिथे मायक्रोमीटरवर ५६.९४. म्हणजे मूळ मापाचाच, वापरून झिजलेला पिस्टन, आणि भिंतीशी फट ०.१५. अशा इंजिनात नव्या कामानंतर ती ०.०३ ते ०.०५ च्या घरात असायला हवी. रिंग काढून सिलिंडरमध्ये सरळ बसवली आणि तोंडातून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला, तर एक मिलिमीटरची पाती अडखळल्याशिवाय गेली. ती जागा पाव मिलिमीटरच्या आसपास असावी लागते.

पिस्टन धुतला तेव्हा बाकीचं दिसलं. रिंगांच्या खाचांच्या तळाशी दगडासारखा जुना कार्बन. चार महिन्यांत असा साचत नाही. स्कर्टवरचे उभे ओरखडे पॉलिश पेपरने घासून मवाळ केलेले. माझाच पिस्टन त्याने साफ करून, आकडा ठोकून मला परत विकला होता. ब्लॉकला बोअरिंग झालंच नव्हतं, नुसती हॉनिंगची जाळी मारली होती. खंत याची की अर्धा मिलिमीटर हा फरक साध्या व्हर्नियरवरही दिसतो. माझ्याकडे व्हर्नियर होता. तो ड्रॉवरमध्ये होता.

पिस्टन घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "हा मी दिलेलाच नाही. तुम्ही कुठून आणलात?" माझ्याकडे काय होतं? फोटो नव्हता. जुन्या पिस्टनवर देण्याआधी केलेली खूण नव्हती. बिलावर माप नव्हतं, भागाचं नाव नव्हतं. 'इंजिन काम' याचा अर्थ त्याला हवा तो निघत होता. मी भांडलो, पण भांडणात पुरावा नसला की आवाज वाढतो तेवढंच.

दुसरीकडे काम दिलं तेव्हा बोअर मारण्याआधी पिस्टन, रिंगा आणि पिन स्वतः नेऊन दिले. बोअर हातात असलेल्या पिस्टनला मोजून करायचा असतो, पिस्टन बोअरला शोधून नाही. ब्लॉकच्या फिनखाली (थंड करणाऱ्या पाकळीखाली) कोरून बारीक खूण केली, फोटो काढले. नव्या टर्नरने आधी वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजलं आणि म्हणाला की पन्नासची गरजच नाही, पंचवीसमध्ये ओरखडे निघून जातील. पहिल्याने खरंच बोअर मारलं असतं तर ब्लॉकचं एक आयुष्य, म्हणजे पुढे कोरण्याची एक संधी, फुकट गेलं असतं. त्याने कामच केलं नाही, हा त्याच्याकडून झालेला एकमेव उपकार.

मी पावतीवर मापं लिहून मागितली. त्याला यात काही वावगं वाटलं नाही, उलट स्वतःहून ओळ वाढवली: बोअर ५७.२५, पिस्टन ५७.२१, फट ०.०४. घरी येऊन तेच आकडे व्हर्नियरने नाही, उसन्या बोअर गेजने आणि मायक्रोमीटरने पुन्हा मोजले. जुळले. रिंगांची तोंडं सिलिंडरमध्ये घालून पाहिली. मगच पिन धरून ठेवणारे सर्क्लिप लावले, नवे, जुने नाहीत.

धूर पहिल्या दहा मिनिटांत गेला.