ज्वालामुखी काचेच्या नावाखाली फसवणूक: लिपारी आणि होक्काइडो एकाच दगडातून निघाले

समाजमाध्यमांवर सध्या ज्वालामुखी काचेचे, म्हणजेच ऑब्सिडियनचे, संच मोठ्या प्रमाणावर विकले जात आहेत. आमच्या शाळेने भूगोल कक्षासाठी पालकांच्या देणगीतून असा एक संच साडेनऊ हजार रुपयांना घेतला आणि त्यात आमची सरळसरळ फसवणूक झाली. अशी जाहिरात इतर शाळांच्या आणि हौशी संग्राहकांच्याही पाहण्यात येत असणार, म्हणून ही हकीकत सविस्तर लिहीत आहे.

लाकडी पेटीत मखमलीवर सात नमुने मांडलेले होते आणि प्रत्येकासोबत गोल शिक्का मारलेले प्रमाणपत्र होते. इटलीतील लिपारी बेट, जपानच्या होक्काइडो बेटावरील शिराताकी, आर्मेनिया, मेक्सिकोतील पाचुका, आइसलँड, अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वत आणि सातवा चक्क 'सह्याद्री', अशी त्यांवर स्थळे होती. यातील पहिली पाच स्थळे ऑब्सिडियनसाठी खरोखरच प्रसिद्ध आहेत आणि या लबाडीचे सारे बळ त्यातच आहे, कारण कोणीही माहिती पडताळून पाहू लागला तर त्याला ती नावे बरोबरच सापडतात.

पेटी उघडताच शंका आली ती सह्याद्रीच्या नमुन्याची. ऑब्सिडियन तयार होण्यासाठी लाव्ह्यात सिलिकाचे प्रमाण साधारण 70 टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. असा लाव्हा अतिशय घट्ट असल्यामुळे थिजताना त्यातील अणूंना स्फटिकांची रचना करता येत नाही आणि त्याची काच होते. आपला सह्याद्रीचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 50 टक्के सिलिकाच्या पातळ लाव्ह्यापासून बनला असून त्याचे वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे आहे. लाव्हा पाण्याशी भिडून एकदम थिजला तेथे काचेचा पातळ थर तयार झालाही, पण काच मुळात टिकाऊ नसते. ती पाणी शोषते आणि काळाच्या ओघात तिचे अन्य खनिजांत रूपांतर होते. जगातील बहुतेक ऑब्सिडियन भूवैज्ञानिकदृष्ट्या तरुण ज्वालामुखींपाशीच सापडते, ते यामुळेच. सह्याद्रीच्या बेसाल्टमधून मुठीएवढा, आरशासारखा चकचकीत काळा गोळा निघणे जवळजवळ अशक्य आहे. नाशिक, जळगाव, पुणे परिसरातील खाणींतून जगभर जातात ती अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांसारखी सुंदर खनिजे. तीच या विक्रेत्याने प्रामाणिकपणे विकली असती तर आम्ही आनंदाने घेतली असती.

'आइसलँड'चा नमुना निळा आणि पारदर्शक होता. आइसलँडमधील ऑब्सिडियन काळे असते. नैसर्गिक ऑब्सिडियन बहुधा काळे, करडे किंवा तपकिरी असते. पाचुकाचे हिरवट सोनेरी आणि न्यूझीलंडजवळील मेयर बेटावरचे हिरवे हे त्यातले नावाजलेले अपवाद आहेत, पण निळ्याशार पारदर्शक रंगाचे ऑब्सिडियन म्हणून जे विकले जाते, ती कारखान्यातील काच असते. भिंगातून पाहिल्यावर त्या नमुन्यात अगदी गोल बुडबुडे दिसले आणि एका कडेने साच्याची बारीक रेघ हाताला लागली. वाहत्या लाव्ह्यातील बुडबुडे प्रवाहाच्या दिशेने ताणलेले असतात. सेंट हेलेन्सच्या नावाचा हिरवा खडाही तसाच. तेथील 1980 च्या उद्रेकातील राख वितळवून बनवलेली अशी काच बाजारात मिळते आणि प्रामाणिक दुकानदार ती मानवनिर्मित असल्याचे सांगूनच विकतात.

लिपारी आणि शिराताकीचे काळे तुकडे मात्र अस्सल वाटत होते. त्यांच्या पातळ कडा उजेडात धुरकट दिसत आणि फुटलेल्या पृष्ठावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार लाटा होत्या. नमुने मांडताना आठवीतल्या एका विद्यार्थिनीने ते दोन्ही तुकडे सहज एकमेकांना लावले, तर एकाचा खोलगट भाग दुसऱ्याच्या फुगीर भागावर नखही जाणार नाही इतका घट्ट बसला आणि दोहोंतील करडा पट्टा अखंड जुळला. भूमध्य समुद्रातले बेट आणि जपानचे उत्तर टोक एकाच गोळ्यातून फोडलेले होते! दगड खरा होता; खोटे होते ते गाव.

हा प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण या दगडाचे मोल त्याच्या उगमस्थानात आहे. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम यांसारख्या मूलद्रव्यांचे प्रमाण वेगळे असते. 1964 मध्ये कॅन आणि रेन्फ्रू या संशोधकांनी याच आधारे भूमध्य प्रदेशातील प्राचीन हत्यारांचा दगड कोठून आला हे शोधण्याची वाट दाखवली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील, सोळाव्या शतकातील इंग्रज विद्वान जॉन डी यांचा काळा आरसा पाचुकाच्या दगडाचा असल्याचे 2021 मध्ये अशाच क्ष-किरण तपासणीतून दाखवण्यात आले. ज्या दगडाचा पत्ता इतक्या नेमकेपणाने लावता येतो, त्यावर विद्यार्थ्यांसमोर खोटा पत्ता चिकटवणे हे मला पैशांच्या लुबाडणुकीहून वाईट वाटते.

विक्रेत्याला जुळलेल्या तुकड्यांची छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्याने आधी 'निसर्गात असे साम्य असते' असे उत्तर दिले आणि नंतर आमचा क्रमांकच बंद केला. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून जाहिरातीचे चित्र, यूपीआयची पावती, प्रमाणपत्रे आणि सारे संभाषण जपून ठेवले आहे. असा संच घ्यायचाच असेल तर नमुना उजेडासमोर धरलेली चित्रफीत, नेमक्या डोंगराचे किंवा खाणीचे नाव आणि आयातीचे बिल पैसे देण्यापूर्वी मागावे. कोणी 'यलोस्टोनचे ऑब्सिडियन' देऊ केले, तर अमेरिकेतील त्या राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असू द्यावे.