पिकअपला कोल्ड एअर किट बसवायच्या आधी हे वाचा

भावांनो, सांगली-मिरज-तासगाव भागात द्राक्षं, हळद, भाजी ओढणाऱ्या पिकअपवाल्यांच्या गळ्यात कोल्ड एअर इनटेक नावाचं किट मारतायत, माझे अकरा हजार त्यात गेले म्हणून लिहितोय.

माल भरला की माझी गाडी खंबाटकीला दम टाकायची, काळा धूर सोडायची. हायवेकडच्या एका दुकानदारानं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, मालक, इंजिनाला गार हवाच मिळत नाही, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून टाका, लिटरमागं तीन किलोमीटर वाढतील. मग उघडा लाल फिल्टर, चकचकीत पाइप आणि वायरवाला एक सीलबंद काळा डबा, ती म्हणे पॉवर चिप. रेस दिली तर टर्बोची शिट्टी अशी घुमली की कुणालाही वाटावं ताकद वाढली. तो आवाज फक्त कंपनीचा डबा काढल्यामुळं येतो, आणि यांची सगळी विक्री त्या आवाजावरच चालते.

कंपनीचा डबा बहुतेक गाड्यांत पुढनं बाहेरचीच हवा घेतो. हा उघडा फिल्टर बसतो इंजिनाशेजारी, म्हणजे तापलेली हवा ओढतो. हवा ३० वरनं ६० अंशावर गेली की तेवढ्याच जागेत साधारण ९ टक्के कमी मावते. त्यात आपलं टर्बो डिझेल, टर्बो हवा दाबतानाच ती शंभर अंशाच्या पुढं तापवतो, ती गार करायचं काम इंटरकूलरचं, त्या पाइपचं नाही. वर फिल्टरला लावलेलं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं, चेक लाइट लागली आणि गाडी उचलायचीच बंद झाली.

मिरजेतल्या मिस्त्रींनी काळा डबा फोडला तर आत एक रेझिस्टर, दोन-चार रुपयांचा! तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत तो घालून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हवा गार असल्याचा खोटा निरोप द्यायचा, एवढीच ती चिप.

मूळ दुखणं वेगळंच होतं. इंटरकूलरच्या रबरी पाइपला चीर आणि क्लॅम्प ढिला, दाबलेली हवा तिथनंच निसटत होती, त्यामुळं ओढ नाही आणि काळा धूर. पाइप बदलला, सेन्सर साफ केला, इंटरकूलरच्या जाळीतला चिखल धुतला, साधा कागदी फिल्टर टाकला, गाडी मोकळी झाली. तेव्हा गाडी ओढत नसेल तर आधी हे पाइप तपासून घ्या.

मला सगळ्यात संताप याचा की कंपनीचा डबा त्यानं भंगार म्हणून ठेवून घेतला आणि परत मागितला तर विकला म्हणाला, नवा घ्यावा लागला. बिल म्हणजे कच्चा कागद, जीएसटी नंबर नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, तिथं पाच लाखापर्यंत फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुमच्या गाडीत असला काळा डबा असेल तर काढा पण फेकू नका, यूपीआयच्या पावतीसोबत जपून ठेवा, आणि कंपनीचा डबा दुकानातच राहिला असेल तर आधी जाऊन तो ताब्यात घ्या.