राज्य कामगार विमा योजना: एका अपघातानंतरच्या आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची तर्जनी पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रात, सापडली आणि तिची दोन पेरे गेली. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात तो ठेकेदारामार्फत कामाला होता. त्यानंतरच्या आठ महिन्यांत राज्य कामगार विमा योजनेशी, म्हणजे सगळे जिला ‘ईएसआय’ म्हणतात तिच्याशी, आमचा जो संबंध आला, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. ही सेवा चांगली आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. मात्र तिचा पूर्ण लाभ मिळणे अपघाताच्या दिवशी कागदावर काय लिहिले जाते यावर फार अवलंबून आहे.

या योजनेची वर्गणी म्हणून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. एवढ्याशा कपातीकडे बहुतेकांचे लक्षही जात नाही, आणि ज्यांचे जाते त्यांना ही फक्त औषधपाण्याची सोय वाटते. प्रत्यक्षात रजेच्या काळातील पगाराची भरपाई हा या योजनेचा खरा कणा आहे. साधे आजारपण असेल तर सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते, त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, नोकरी पुरेशी जुनी असेल तर, हा लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो.

कामावरच्या अपघाताचा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे. तेथे ९० टक्के रक्कम मिळते, वर्गणीच्या दिवसांची अट नसते, म्हणजे कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी इजा झाली तरी हक्क असतो, आणि डॉक्टर ‘कामास योग्य’ असा दाखला देईपर्यंत तो चालू राहतो. समजा सरासरी रोज ५२० रुपये पडतो. तर आजारपणाचे ३६४ आणि अपघाताचे ४६८ रुपये होतात. दिवसामागे १०४ रुपयांचा हा फरक ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला लहान नाही.

म्हणूनच ठेकेदाराच्या माणसाने रुग्णालयाच्या दारात मला बाजूला घेऊन “दादा, घरी लागलं असं सांगा, खर्च आम्ही बघतो” असे म्हटले, तेव्हा मी थांबलो हे बरे झाले. अपघाताची नोंद झाली की प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारे संरक्षक आवरण, का नव्हते हा प्रश्न निघतो, आणि तो त्यांना नको होता. आम्ही त्याच संध्याकाळी सुपरवायझरला लेखी सूचना दिली, तिची पोच घेतली आणि प्रत विमा शाखा कार्यालयात नेली. तिथल्या बाईंनी तारीख, वेळ, यंत्र आणि पाहणाऱ्या दोन सहकाऱ्यांची नावे नीट विचारून घेतली. मालकाकडून अपघात अहवाल आला, पण त्यासाठी तीन आठवडे खेटे घालावे लागले. दवाखान्यातून वेळोवेळी दाखला घेणे हेही कंटाळवाणे काम आहे; प्रत्येक खेपेस अर्धा दिवस जातो, पण दाखल्यात खंड पडला तर तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. रक्कम थेट बँक खात्यात जमा झाली.

जखम भरल्यावर भाऊ कायमचे नुकसान किती झाले हे ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे गेला. तर्जनीची दोन पेरे गेल्यास कमाईची क्षमता ११ टक्के घटली असे कायद्याच्या परिशिष्टातच ठरवलेले आहे. त्याच प्रमाणात पुढे कायमची भरपाई मिळते: वरच्या उदाहरणातील ४६८ रुपयांचे ११ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे ५१ आणि महिन्याला साधारण दीड हजार रुपये, आणि तेही आयुष्यभर. पुन्हा नोकरी करून पूर्ण पगार घेतला तरी ही रक्कम बंद होत नाही, हे मला मंडळाच्या दारात बसलेल्या दुसऱ्या एका जखमी कामगाराकडून कळले. ‘घरी लागलं’ असे सांगितले असते तर हा हक्क उभाच राहिला नसता. मंडळाने ठरवलेली टक्केवारी कमी वाटल्यास तिच्याविरुद्ध अपीलही करता येते.

घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, यातच धरला जातो. दुचाकीवरून पहाटेची पाळी गाठणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माझी खरी तक्रार पगाराच्या मर्यादेबद्दल आहे. जानेवारी २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. पगारवाढ होऊन जो या रेषेपलीकडे जातो तो चालू वर्गणी काळ संपताच योजनेबाहेर पडतो. त्यानंतर अपघात झाला तर आयुष्यभराच्या मासिक रकमेऐवजी एकरकमी भरपाईसाठी मालकाशी झगडणे त्याच्या वाट्याला येते. भावाच्या प्रेसवर त्याच्या शेजारी काम करणारा, वीस वर्षांचा अनुभव असलेला ऑपरेटर आज याच रेषेच्या पलीकडे उभा आहे, आणि त्याच्या प्रेसलाही अजून गार्ड बसलेला नाही.