व्हिक्टरीचा लाकडी किट: लाकूड उत्तम, दोरा भिकार

निकाल आधीच सांगतो. व्हिक्टरी या जुन्या युद्धनौकेचं लाकडी मॉडेल जोडायचा हा किट जरूर घ्या, पण त्यातला दोरा आणि कप्प्या डब्यातच राहू द्या. त्यांचे पैसे पहिल्या दिवशीच वेगळे काढून ठेवा. मागच्या पावसाळ्याच्या आधी खोकं उघडलं होतं, आता शेवटचे दोर बांधतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

जहाज म्हणजे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं एचएमएस व्हिक्टरी. १७६५ साली इंग्लंडमधल्या चॅथमला पाण्यात उतरलं, १८०५ ला ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंच-स्पॅनिश आरमाराशी लढलं आणि १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत उभं आहे. किटचं माप साधारण १:१००. बोस्प्रिटच्या (पुढे झेपावणाऱ्या काठीच्या) टोकापासून मागच्या बूमपर्यंत (मागच्या शिडाच्या खालच्या काठीपर्यंत) जवळजवळ मीटरभर लांबी होते, त्यामुळे घरातलं एक टेबल कायमचं गेलं म्हणून समजा.

लाकडाबद्दल तक्रार नाही. प्लायवूडचे आडवे साचे लेझरने नेमके कापलेत, त्यावर आधी बासवूडच्या आणि मग अक्रोडाच्या पातळ पट्ट्या. पण व्हिक्टरीची नाळ, म्हणजे पुढचा भाग, चांगलीच गोल आणि बोथट आहे. तिथे पट्टी पुढच्या टोकाला निमुळती केल्याशिवाय बसत नाही. कोमट पाण्यात भिजवायची, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर हळू वळवायची, कपड्यांच्या चिमट्यांनी धरून रात्रभर ठेवायची. पावसाळ्यात फेव्हिकॉल सुकायला दुप्पट वेळ घेतो, तेव्हा पट्ट्या दिवाळीनंतर लावल्या तर जिवाला कमी त्रास.

तळाला तांब्याच्या चिकट पट्टीचे तुकडे कापून लावायचे. मूळ पत्रे चार फूट बाय चौदा इंच, म्हणजे आपल्या मापात बारा मिलिमीटर लांब आणि साडेतीन रुंद. सुरुवात मागून आणि खालून, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी कडेत शिरत नाही. हे सूचनापत्रकात लिहिलंय, पण चित्र उलटं छापलंय! सुती हातमोजे घालूनच काम करा. घामाचा बोटाचा ठसा दोन दिवसांनी तांब्यावर काळा उमटतो.

रंगांच्या बाबतीत पत्रकाकडे सरळ दुर्लक्ष करा. त्यात जहाजाच्या बाजूचे पट्टे गडद नारिंगी-पिवळे दिलेत. जुन्या रंगाचे थर तपासून २०१५ साली प्रत्यक्ष जहाजाला फिका, किंचित गुलाबीकडे झुकणारा पिवळा लावला गेला. डोलकाठ्यांवरच्या कड्याही पत्रकात काळ्या आहेत. ट्रफाल्गरला ब्रिटिशांनी त्या पिवळ्या रंगवल्या होत्या, कारण शत्रूच्या काळ्या असत आणि धुरात आपलं-परकं ओळखायला तीच खूण. इतकं सगळं उतरवून काळ्याच ठेवायच्या तर मग १८०५ चं जहाज म्हणायचं कशाला?

आता दोर. मूळ जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर दोर होता, आणि मॉडेलचे निम्म्याहून जास्त महिने इथेच जातात. किटमधला दोरा सुती, केसाळ. मधमाशांच्या मेणातून ओढला की केस बसतात, पण दमट हवेत तो आज ताणतो आणि उद्या सैलावतो. जुलैत तंग बांधलेला दोर डिसेंबरात लोंबलेला. मी सगळा पॉलिएस्टरचा आणला: श्राउड आणि स्टेसाठी (डोलकाठ्या बाजूंनी आणि पुढून-मागून धरून ठेवणारे दोर) गडद तपकिरी, शिडं हलवणाऱ्या दोरांसाठी फिका. कप्प्यांची भोकं एकसारखी नाहीत, त्यामुळे दोर वाकडा जातो. त्याही बाहेरून घेतल्या.

सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे श्राउडवरच्या आडव्या दोऱ्या, खलाशी चढायचे त्या. श्राउडच्या मागे पांढरं कार्ड अडकवा, त्यावर साडेतीन मिलिमीटरच्या अंतराने रेघा मारलेल्या. प्रत्येक उभ्या दोराला एक क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ), चिमट्याने, डावीकडून उजवीकडे. गाठीवर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब ब्रशच्या टोकाने. फेव्हिक्विक नको, तो सुकताना पांढरट डाग सोडतो. ओढ जरा जास्त झाली की कडेचे दोर आत येतात आणि सगळं डमरूसारखं दिसतं. म्हणून आधी दर पाचवी ओळ बांधून बाहेरचे दोर सरळ धरायचे आणि मधल्या नंतर भरायच्या. एका बैठकीत पाच-सहा ओळींवर डोळे उत्तर देतात. भिंगाचा दिवा घ्याच.

जाता जाता: मुंबईत जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली सागवानी युद्धनौका ट्रिंकोमाली इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतेय, आणि माझ्या पाहण्यात तिचा असा किट नाही. आंग्र्यांच्या गुराबाचा (त्यांच्या आरमारातल्या लढाऊ गलबताचा) तर नाहीच. कुणाला मिळाला तर कळवा, मी पहिलं गिऱ्हाईक.

पहिलंच लाकडी जहाज करत असाल तर हा किट घेऊ नका. आधी एखादी एका डोलकाठीची छोटी नौका करा. पट्ट्या आणि गाठी दोन्हींची सवय त्यावर स्वस्तात होते. किमतीवर टपाल आणि कस्टम्स ड्युटी धरायला विसरू नका.

आणि काचेची पेटी. ती हवीच, कारण या दोऱ्यांच्या जाळीतून धूळ काढता येत नाही. पण मापं हलवरून, म्हणजे जहाजाच्या धडावरून, देऊ नका. हल जेमतेम सोळा सेंटिमीटर रुंद आहे, मुख्य डोलकाठीचं सगळ्यात खालचं यार्ड (शिडाची आडवी काठी) मात्र एकतीस. शिवाय दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी हवीत. कारागिराला मापं देण्याआधी यार्ड चढवून घ्या.