खंजिरीच्या चकत्या: भजनाच्या कॅसेटी उतरवायच्या तर वेव्ह, फ्लॅक की एमपी३?

शेजारच्या गावच्या भजनमंडळाचे काकाजी परवा पिशवीभर कॅसेटी घेऊन घरी आले. चाळीस होत्या, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. "बाबू, ह्या पेनड्राइव्हात टाकून दे. पण आवाज हाच पाहिजे बाप्पा, मागच्या खेपेसारखा नको." आमचा तिवसा तालुका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी इथलंच, त्यामुळे खंजिरी भजन कानाला लहानपणापासून माहीत. काकाजींच्या 'हाच आवाज' म्हणण्याचा अर्थ मला लगेच कळला, कारण मी तो एकदा गमावला आहे.

वडिलांच्या मंडळाच्या नऊ कॅसेटी मी कधीकाळी तालुक्याच्या एका दुकानात उतरवायला दिल्या होत्या. त्यांनी सगळं १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ मध्ये भरून दिलं. विचारायचं काय असतं, हेच तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढे दोन पावसाळ्यांत त्या कॅसेटींना बुरशी लागली आणि फिती एकमेकींना चिकटल्या. आता उरल्या त्या फायली. वडिलांचा आवाज त्यात स्वच्छ आहे, पण खंजिरी वाजली की चकत्यांचा 'छन्' येत नाही, 'श्शर्र' असं काहीतरी येतं.

असं का होतं ते आधी पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. एमपी३ आवाज लहान करताना कानाला ऐकू येणार नाही असं वाटणारं सगळं टाकून देतो. त्यासाठी तो आवाजाचे छोटे गठ्ठे करतो. नेहमीचा गठ्ठा ५७६ नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप), म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंदांचा असतो. संथ सूर, पेटी, माणसाचा गळा यांना हे चालतं. पण खंजिरीवरची थाप एका क्षणात फुटते. जागा कमी असली की त्या थापेची खरखर पूर्ण गठ्ठ्यात पसरते, थाप पडायच्या आधीसुद्धा. गठ्ठा लहान करायची सोय एमपी३ मध्ये आहे, पण त्याला जास्त जागा लागते आणि १२८ मध्ये ती पुरत नाही. वर एमपी३ बनवणारे बहुतेक प्रोग्रॅम, म्हणजे एन्कोडर, १२८ ला १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा आवाज कापूनच टाकतात. म्हणून टाळ, चिपळ्या आणि खंजिरी आधी मरतात, गळा शेवटी.

आता जागेचा हिशोब. नव्वद मिनिटांची एक कॅसेट सीडीच्या दर्जाने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) आणि १६ बिटला (एवढा एकेक नमुना) वेव्हमध्ये, काहीही न आवळता घेतली की सुमारे ९५० एमबी होते. तीच ३२० च्या एमपी३ मध्ये २१६ एमबी आणि १२८ मध्ये ८६ एमबी. फ्लॅक काहीही न टाकता आवाज आवळतो आणि वेव्हच्या साधारण निम्म्या-पाऊण जागेत बसतो. कॅसेटच्या बाबतीत मात्र तो अपेक्षेपेक्षा मोठा निघतो, कारण फितीची सततची 'स्स्स' आवळताच येत नाही. चाळीस कॅसेटी वेव्हमध्ये ३८ जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर वेव्हसुद्धा मावतो, मग १२८ वर उतरायची गरजच काय?

वेव्ह आणि फ्लॅक यांच्या आवाजात काहीही फरक नाही. फ्लॅक म्हणजे घडी घातलेलं धोतर. उलगडलं की तेच, सूतही कमी नाही. ज्याला शंका असेल त्याने ऑडेसिटी या आवाजाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये करून पाहावं. एका ट्रॅकवर मूळ वेव्ह ठेवा, दुसऱ्यावर त्याचा फ्लॅक, दुसरा ट्रॅक 'इन्व्हर्ट'ने उलटा करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. सरळ रेघ उरते, पूर्ण शांतता. मी हेच फ्लॅकच्या जागी १२८ चा एमपी३ ठेवून केलं. त्याची सुरुवात किंचित सरकलेली असते, ती आधी जुळवून घेतली. जे उरलं ते हेडफोनवर ऐकलं: दूर कुठेतरी चकत्या हलताहेत, त्यांच्या खाली एक कुजबुज. टाकून दिलेलं सगळं तिथे होतं. ३२० ला हेच केलं तर कुजबुज फार बारीक होते.

म्हणून कायम जपायची प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. त्यात गाण्याचं नाव, गायकाचं नाव नीट लिहून ठेवता येतं, आणि आतला आवाज पुढे खराब झाला का हे तपासायची खूण फायलीतच असते. वेव्हला ती नसते. ९६ किलोहर्ट्झच्या भानगडीत पडू नये. साध्या फितीत तेवढा वरचा आवाज नसतोच. रेकॉर्ड करताना २४ बिट ठेवलं तर आवाजाची पातळी खाली ठेवायला मोकळीक मिळते, तेवढा फायदा खरा. सर्वात उंच थाप उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या. एकदा थाप वर आपटून फाटली की कोणताच फॉरमॅट ती सांधत नाही. आणि डेकचं फीत वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय पहिली कॅसेट लावूच नका. काकाजींच्या पहिल्या कॅसेटला हेड पुसण्याआधी आणि नंतर जो फरक पडला, तो ३२० आणि फ्लॅकमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता.

घरी ऐकायचं काय? इथे मी एमपी३ च्या बाजूने आहे, पण ३२० च्या. बैठकीत पंखा, बाहेर कुणाची मोटर, आणि पेनड्राइव्ह लावायचा तो स्पीकर. त्यावर ३२० आणि फ्लॅक मला ओळखता येत नाहीत. शिवाय असे बरेच स्पीकर फ्लॅक वाचतच नाहीत. एमपी३ सारखेच आवळणारे नवे फॉरमॅटही आहेत: एएसी १२८ ला एमपी३ पेक्षा बरा, ओपस त्याहून बरा, पण जुन्या डेकवर चालेल याचा भरवसा नाही. मोबाइलवर ऐकणाऱ्याला ते खुशाल द्यावेत. ब्लूटूथवर मात्र फ्लॅकचा आग्रह धरू नका. नेहमीच्या एसबीसी कोडेकमध्ये आवाज वाटेत पुन्हा आवळला जातो. औक्सची तार लावली तर जेवढं फायलीत आहे तेवढं स्पीकरपर्यंत पोचतं.

सर्वात जास्त नुकसान एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात नेण्याने होतं. एमपी३ चा एएसी, त्याचा परत एमपी३, असं प्रत्येक वेळी नवं काहीतरी टाकलं जातं. १२८ चा ३२० केला तर फाइल अडीचपट होते, गेलेला 'छन्' परत येत नाही. वडिलांच्या भजनांवर मी हेही करून पाहिलं आहे. हवी ती नवी प्रत दर वेळी फ्लॅकमधूनच काढावी. आणि मोबाइल स्पीकरसमोर धरून व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज करू नये. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी जाते.

काकाजींना मी दोन पेनड्राइव्ह देणार आहे. फ्लॅकचा त्यांच्या कपाटात राहील, ३२० चा मंडळाच्या स्पीकरला. तिसरी प्रत माझ्या हार्ड डिस्कवर. सोळा कॅसेटी झाल्या. वडिलांच्या नऊ कॅसेटींच्या १२८ च्या फायली मी आता कशातही बदलत नाही, आहेत तशाच ठेवल्या आहेत. चिकटलेल्या फितीही फेकल्या नाहीत. त्या उलगडून देणारा कुणी भेटला तर त्या फ्लॅकमध्येच उतरतील.